एकतीस नंबरचा कॅन

चंद्राबाईच्या दुधाला नाव ठेवायची टाप भोंगवलीत आजवर कुणाची झाली नव्हती. ती झाली एका मशीनची. मशीन बिचारं तोंडानं बोलत नाही, नुसते आकडे दाखवतं, म्हणून वाचलं. माणूस असतं तर चंद्राबाईनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता.

झालं असं, की सोमवारी सकाळी गावातल्या दूध संकलन केंद्रावर एकतीस नंबरचा कॅन आला. केंद्र सांभाळणाऱ्या गोरखनं रोजच्यासारखं दूध मशीनला लावलं. दुधातली चरबी सोडून बाकीचा जो घट्ट ऐवज असतो त्याला केंद्रावर एसएनएफ म्हणतात. म्हशीच्या दुधाला तो नऊच्या आसपास यावा. मशीन म्हणालं, सव्वाअकरा. गोरखनं मशीन धुतलं, पुन्हा लावलं, तरी सव्वाअकरा. मग त्यानं थोडं दूध तापवून बघितलं, तर त्याच्या गुठळ्या झाल्या. आता पाणी घातलं की आकडा खाली येतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वर गेला म्हणजे कुणीतरी पावडर घातली, असा गोरखचा हिशेब. मागं कुठल्याशा गावात सोयाबीनची पावडर सापडली होती म्हणे. त्यानं कॅन बाजूला काढला, एक बाटली भरून सील केली, बर्फात घालून भोरला तपासणीला धाडली, आणि बाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं : क्रमांक ३१, तपासणी चालू, दूध बंद.

भोरच्या प्रयोगशाळेत ज्या पोरीनं तो बर्फाचा डबा उघडला ती अश्विनी, चंद्राबाईच्या सख्ख्या भावाची लेक. बाटलीवरचा आकडा तिनं दोनदा वाचला. एकतीस, आत्याचाच. कॉलेजची दोन वर्षं ती आत्याकडे राहिली होती. सकाळची एसटी चुकली तरी चालेल, पण दुधाचा पेला रिकामा झाल्याशिवाय आत्या उंबरा ओलांडू देत नसे. "पानी घातल्यालं दूध पाजून वाढीवलेली पोरगी न्हाईस तू," हे वर ऐकवायची. त्या आत्याच्या दुधात पावडर?

तिनं लगेच फोन लावला. तिकडून शिव्यांचा वळीव येणार म्हणून मोबाईल कानापासून जरा लांबच धरला होता. पण आत्याचा आवाज एवढासा झाला होता.

"काय निघंल ते निघंल," चंद्राबाई म्हणाली. "पर अश्वे, तुज्या वैनीचं नाव कुठं येऊ देऊ नगं."

आता खरी भीती वाटली अश्विनीला. वैनी म्हणजे चैत्राली, आत्याच्या कुमारची बायको. लग्नाला चार महिने झालेले, माहेर पुण्याचं. शनिवारपासून आत्या वेल्ह्याला लेकीकडे, रत्नाकडे गेली होती ती सोमवारी दुपारी परतली. कुमारनं पहाटे धार काढून दिली आणि तो शिवऱ्याच्या कारखान्यात कामावर गेला. कॅन भरून केंद्रावर नेला तो चैत्रालीनं, एकटीनं. म्हणजे बोट कुणाकडे जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. गावानं तर पुण्याची सून म्हणून निकाल लावूनही टाकला होता. पण आत्यालाही तसंच वाटत होतं, हे अश्विनीला टोचलं. अहवालात पावडर आली तर एकतीस नंबर कायमचा बंद होणार होता, आणि त्या घरात सासूसुनेचं तोंडही बंद होणार होतं. कॅन एखाद्या वेळी पुन्हा उघडेल, पण तोंडं उघडायची नाहीत.

प्रयोगशाळा केशवरावांची. मोठ्या डेअरीत तीस वर्षं दूध तपासून निवृत्त झालेला माणूस. भोरमधे घराच्या खालच्या मजल्यावर त्यांनी ही तपासणी थाटली होती. अश्विनीनं त्यांच्यापुढे जाऊन सरळ सांगून टाकलं, "सर, एकतीस नंबर माझ्या आत्याचा आहे."

केशवरावांनी चष्म्यावरून बघितलं. "सांगितलंस ते बरं केलंस. जेल तू लाव. वाचायचं मात्र माझ्यासमोर, आणि सही माझी."

जेल म्हणजे काय, तर दोन काचांच्या मधे जमवलेली पातळ, पारदर्शक, थलथलीत वडी. तिच्या वरच्या कडेला खाचा. एकेका खाचेत एकेक नमुना घालायचा आणि वीज सोडायची. दुधातली प्रथिनं वडीतून खाली पळत सुटतात. हलकी पुढे जातात, जड मागे रखडतात. मग वडी निळ्या रंगात बुडवली की जे प्रथिन जिथं थांबलं तिथं निळा पट्टा उमटतो. पट्टा जेवढा गडद तेवढं प्रथिन जास्त. पूर्वी हे डोळ्यानं ठरवायचे, आणि मग दोघांचे चार डोळे भांडायचे. आता खालून उजेड देऊन कॅमेऱ्यानं फोटो घेतात, आणि कॉम्प्युटर एकेका पट्ट्याचा काळेपणा मोजून आलेख काढतो. पट्टा तिथं डोंगर, आणि डोंगर जेवढा मोठा तेवढा माल.

मंगळवारी अश्विनीनं जेल लावली. एका खाचेत चोख म्हशीचं दूध, दुसऱ्या खाचेत एकतीस नंबर, तिसऱ्या खाचेत सोयाबीनची पावडर मुद्दाम मिसळलेलं दूध. रात्रभर रंग निघू दिला. बुधवारी सकाळी आल्या आल्या, पर्ससुद्धा खांद्यावरून न काढता, तिनं फोटो घेतला.

एकतीस नंबरच्या रांगेत वरच्या बाजूला एक जाडजूड पट्टा होता. चोख दुधात त्या जागी नुसती फिकट रेघ. आणि शेजारच्या सोयाबीनच्या रांगेत बरोब्बर त्याच उंचीला तसाच पट्टा. कॉम्प्युटरला विचारलं, तर तोही मेला म्हणाला, जुळतं.

अश्विनीच्या डोळ्यांपुढे चैत्रालीवैनी आली. लग्नात हिरव्या चुड्याचे हात सांभाळत तिनं सगळ्यांना वाढलं होतं. हिनं कशाला असलं काही करावं? आणि नाही केलं तर हा पट्टा कुठून आला?

केशवराव मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघून म्हणाले, "फोटो कुणी काढला?"

"मी, सर."

"उजेड एवढा कमी का ठेवलास?"

"फिकट पट्टे नीट दिसावेत म्हणून. काही सुटू नये..."

"घाबरलीस म्हणून," केशवराव म्हणाले. "अगं, ही लाल ठिपक्यांची रांगोळी बघ. जिथं जिथं कॉम्प्युटरनं लाल ठिपके दिलेत तिथं तो म्हणतोय, बाई, इथं पार काळं झालंय, मला मोजता येत नाही. भाकरी करपून कोळसा झाल्यावर कुठली बाजू जास्त भाजली ते सांगता येतं का? मधे सगळा डागच पडलाय. त्यात दोन पट्टे आहेत का चार, देवाला ठाऊक. हा फोटो टाक. जेल तीच, उजेड वाढव."

अश्विनीची कानशिलं तापली. पाचशे जेल लावल्या असतील तिनं, आणि नेमकी आत्याच्या वेळी पहिल्या महिन्यातली चूक! साप म्हणून भुई धोपटायची ती ही अशी. तिनं उजेड वाढवला, एकही लाल ठिपका येत नाही हे दोनदा बघितलं आणि पुन्हा फोटो घेतला.

मधला काळा डाग फुटला. सोयाबीनच्या रांगेत त्या वरच्या पट्ट्याखाली आणखी दोन पट्टे निघाले. एकतीस नंबरमधे त्या दोन्ही जागा कोऱ्या. तिनं नाक पडद्याला लावलं. कोऱ्या म्हणजे अगदी कोऱ्या. सोयाबीन असतं तर तीन भावंडं एकत्र यायला हवीत, इथं एकच कसं येईल?

"सर, सोयाबीन नाही हे!"

"घाई नको. सोयाबीन नाही, मग आहे काय?" केशवरावांनी पेनाचं टोक पडद्यावर टेकवलं. एकतीस नंबरच्या रांगेत दुधाच्या नेहमीच्या मोठ्या पट्ट्यांना खालून चिकटून आणखी एक पट्टा होता. पहिल्या फोटोत तो डागात बुडाला होता. "हा आणि तो वरचा. मोज दोन्ही."

तिनं मोजलं. वरचा डोंगर खालच्याच्या जवळजवळ दुप्पट. पुन्हा मोजलं, तरी दोनास एक.

"ही जोडी आहे," केशवराव म्हणाले. "एकाच प्रथिनाचे दोन तुकडे, एक जड, एक हलका. रोगाशी लढणारं प्रथिन. साध्या दुधात ते चिमूटभर असतं. एवढं ढीगभर कधी येतं, ते पुस्तकात..."

"चीक!" अश्विनी ओरडलीच. तिला पुस्तक कशाला हवं? ती गोठ्यातली पोर. म्हैस व्याली की पहिले चार-पाच दिवस जे घट्ट, पिवळसर दूध येतं तो चीक. त्याच्यावरच वासरू तगतं, आणि तो तापवला की त्याच्या गुठळ्या होतात. तापवून घट्ट होतो म्हणून तर त्याचा खरवस होतो! गोरखच्या भांड्यात त्या दिवशी खरवसच होत होता आणि त्या शहाण्याला कळलं नाही.

"वाटणं वेगळं आणि दाखवणं वेगळं," केशवराव म्हणाले, पण तेही हसत होते. "शेजारच्या खाचेत खरा चीक लावू. मिळेल का कुठं?"

चीक निघाला वरच्या मजल्यावर, केशवरावांच्याच फ्रिजमधे. त्यांच्या पत्नी शुभाताईंनी बेंगळुरूहून येणाऱ्या लेकासाठी, अर्णवसाठी, बाटलीभर चीक गोठवून ठेवला होता.

"पाच थेंब?" शुभाताईंनी बाटली पदराआड धरली. "तुमचे पाच थेंब मला माहितीयत. मागं मध नेलात तोही पाच थेंबच होता."

तरी दिला. थेंब त्यांनी स्वतः मोजले.

दुसऱ्या जेलला गुरुवारची सकाळ उजाडली. या वेळी अश्विनीनं दूध पातळ करून लावलं होतं आणि फोटोआधी पर्स खाली ठेवली होती. शुभाताईंचा चीक आणि एकतीस नंबर शेजारी शेजारी. वरचा पट्टा वरच्यासमोर, खालचा खालच्यासमोर, दोन्हीकडे दोनास एक. डोंगरांच्या मापावरून कॉम्प्युटरनं सांगितलं, कॅनमधे सुमारे पाचवा हिस्सा चीक. बाहेरची पावडर कसलीही नाही.

अश्विनीचा जीव भांड्यात पडला. तिनं डोळे पुसले, केशवरावांची सही घेतली, आणि अहवाल छातीशी धरून एसटीत बसली. भोंगवली येईपर्यंत तो तिनं चार वेळा वाचला.

चंद्राबाई ओसरीवर वैरणीच्या पेंढ्या सोडत होती. चैत्राली आत भांडी घासत होती, आवाज न करता. घरात चार दिवस कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं हे दारातच कळत होतं.

"आत्या, पावडर नाही!" अश्विनीनं चपलाही काढल्या नाहीत. "काही नाही घातलेलं. कॅनमधे चीक गेलाय."

चंद्राबाईच्या हातातली पेंढी तशीच राहिली. मग चार दिवस तुंबलेला आवाज एकदम सुटला. "चीक? माज्या गोठ्यात चीक? माजी कंची म्हस व्याली गं? थोरली आटत आली, धाकटीला आठवा म्हैना हाय दुधाचा! त्या कांपुटरला म्हनावं हितं येऊन बघ, माज्या म्हशींचं पोट तपास!"

अश्विनीला इतकं बरं वाटलं! आत्या ओरडत होती म्हणजे आत्या ठीक होती.

"तुझी नाही व्याली. मग गावात कुणाची व्याली?"

"सगुनाची. ऐतवारी," चंद्राबाई फणकारली. "शेजारी शेजारी दारं आमची. वीस वर्सं झाली, तिची व्याली की चीक माज्या घरात, माजी व्याली की तिच्या घरात. आन् औंदा? थेंब धाडला न्हाई सटवीनं. तिलाबी वाटलं आसंल, ह्यांचा कॅन बंद, हे भेसळवाले. कळतं मला सगळं."

आतला नळ बंद झाला. चैत्राली ओल्या हातांनी दारात आली. तिच्या हातात एक पितळी किटली होती.

"आई," ती म्हणाली, "ही त्यांची आहे. सोमवारी सकाळी सगुणामावशी देऊन गेल्या."

"काय दिऊन गेली?"

"दूध. म्हणाल्या, पयल्याचं हाय, सासूला सांग. मला वाटलं, पहिल्याचं म्हणजे... आधी कधीतरी आपल्याकडून उसनं नेलं असेल, ते परत करतायत. म्हणून मी ते आपल्या कॅनमधे ओतलं. आपलंच ना म्हणून. सांगायचं लक्षातच नाही राहिलं. तुम्ही आलात तेव्हा तो फळा, ती माणसं, सगळा गोंधळ... आणि तुम्ही विचारलंत, काय घातलंस? मी म्हणाले, काही नाही घातलं. मी दुधात दूध ओतलं होतं आई, त्याला घालणं म्हणतात हे मला सुचलंच नाही."

"आगं पर घट्ट न्हाई दिसलं? पिवळं न्हाई दिसलं?"

"दिसलं ना. मला वाटलं, गावचं अस्सल दूध असंच असतं."

अश्विनीला हसू आवरेना. पयल्याचं! पहिल्या धारेचं म्हणून जे शेजारणीनं मायेनं आणून दिलं, ते पोरीनं जुनी उसनवारी समजून इमानानं सरकारजमा केल्यासारखं कॅनजमा केलं. चोरी नाही, लबाडी नाही. एक शब्द, त्याचे दोन अर्थ, आणि मधे दहा लिटरचा कॅन.

चंद्राबाई परसाच्या कुंपणाशी गेली आणि तिनं किटलीचं विचारत हाक घातली. सगुणाबाई कमरेवर हात ठेवूनच आली.

"व्हय, म्या दिली की किटली! तांब्यानं दोन येळा भरून दिली," सगुणाबाई म्हणाली. "आन् तुमी खरवस गोड झाला का कडू, अवाक्षर काढलं न्हाई. म्हनलं, पुन्याची सून आली, आता शेजाराची गरज ऱ्हायली न्हाई ह्यांना. माजी किटली बी दाबून बसले."

"रिकामी कशी परत द्यायची म्हणून ठेवली होती," चैत्राली हळूच म्हणाली. "माझी आई म्हणते, दिल्या घरचं भांडं रिकामं पाठवू नये. पण त्यात काय घालायचं ते आईंना विचारायचं होतं. आणि आई बोलतच नव्हत्या."

चंद्राबाई वळली आणि थेट गोठ्यावरच्या माळ्याकडे गेली. वैरणीत खांद्यापर्यंत हात घालून तिनं एक मोठा काळा प्लास्टिकचा डबा ओढून काढला, पदरानं पुसला आणि आणून चैत्रालीच्या पायाशी ठेवला. वर ठसठशीत अक्षरात छापलेलं : सोया प्रोटीन.

"अगंबाई! कुमारचा डबा!" चैत्राली म्हणाली. "व्यायाम करून आल्यावर घेतात ते. चार दिवस शोधतोय आम्ही दोघं. इथं कसा..."

बोलता बोलता तिला उमगलं. तिचा चेहरा उतरला. "तुम्हाला वाटलं, मी हे..."

"व्हय. वाटलं," चंद्राबाई म्हणाली. तिनं नजर चुकवली नाही. "सोमवारी गोरख सोयाबीन म्हनाला, आन् मला हे तुमच्या खोलीत घावलं. म्हनलं संपलं. कुनी झडती घ्याया आलं तर घावू नये म्हनून लपीवलं. तुज्याशी बोलले न्हाई, कारन तोंड उघडलं आसतं तर काय बी बोलून गेले आसते. दुधाचं मशीन चुकलं न्हाई, पोरी. म्या चुकले."

चैत्राली एकदम रडायलाच लागली, आणि रडता रडता म्हणाली, "लपवला, पण सांगितला नाहीत ना कुणाला."

"सांगती व्हय! आपलेच दात, आपलेच ओठ."

सगुणाबाईनं डोळ्याला पदर लावला आणि लगेच वर म्हणाली, "माज्या किटलीत काय घालताय ते आदी घाला." चंद्राबाईनं चैत्रालीला आतल्या डब्यातला आंबेमोहर तांदूळ दाखवला. "ओंजळभर घाल. भात लई न्हाई, मान लई आसतो."

संध्याकाळी तिघी केंद्रावर गेल्या. पुढे कॅन घेऊन चैत्राली, मागे चंद्राबाई, आणि तिच्या मागे अहवाल घेऊन अश्विनी. गोरखनं अहवाल वाचला, पुन्हा वाचला, आणि कपाळावर हात मारून घेतला. "चीक! आन् मी म्हशीवाल्याच्या घरात जन्मलो. चंद्राकाकी, पाया पडतो."

"माज्या नगं पडू. ते पुसून टाक आदी."

गोरखनं फळा ओल्या फडक्यानं पुसला. दूध मशीनला लावलं. मशीन म्हणालं, नऊ पूर्णांक एक.

गोरखनं वही उघडली आणि एकतीस नंबरपुढे नेहमीप्रमाणे चंद्राबाईचं नाव लिहायला पेन टेकवलं. चंद्राबाईनं त्याचा हात धरला.

"थांब. ह्या कॅनला आता नवं नाव लिव. चैत्राली कुमार."

"काकी, वीस वर्सं तुमचं नाव हाय. अहवाल आलाय, आता कोन तुमास्नी काय म्हनतंय?"

"मला कुनी म्हनत न्हाई रं. तिला म्हनत व्हते. म्या बी म्हनत व्हते, मनात," चंद्राबाई म्हणाली. "लिव. मोठ्या अक्षरात लिव, समद्या गावाला दिसंल आसं."

गोरखनं आधी वहीत लिहिलं. मग उठून, नुकत्याच पुसलेल्या ओल्या फळ्यावरही लिहिलं. खडू नीट उमटत नव्हता म्हणून चैत्राली दोन पावलं पुढे गेली आणि आपल्या पदरानं तिनं फळा कोरडा केला.